तक्त्यातले दोन ‘एन.एस.’

पत्र

मी एम.एस्सी. (कृषी)च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव निफाड तालुक्यात. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याची सड कमी करणाऱ्या एका पावडरीची चाचणी मी बारा शेतकऱ्यांच्या चाळींत घेतली. प्रत्येक चाळीतल्या एका कप्प्यात पावडर टाकून कांदा भरला, दुसऱ्यात नुसताच. एप्रिलअखेर चाळी भरल्या, ऑगस्टअखेर फोडल्या. पावडरीच्या कप्प्यांत शंभर क्विंटलमागे सड सरासरी ३.१ क्विंटलने कमी निघाली, पण पी-व्हॅल्यू आली ०.१०. कोंब आलेल्या कांद्यातला फरक ०.१ क्विंटल, तोही नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे तक्त्यात ‘एन.एस.’. गाइड सर म्हणतात, ‘पावडरीचा सडीवर आणि कोंबांवर परिणाम होत नाही, असं लिहून मोकळी हो.’ पावडर फुकट देणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणतात, ‘नाइन्टी पर्सेंट तर आलंच की मॅडम, सिग्निफिकन्सकडे कल आहे असं लिहा.’ चांदोरी-सायखेड्याकडच्या, म्हणजे गोदाकाठच्या सहा चाळी वेगळ्या काढल्या तर पी ०.०४ येते, येवल्याकडच्या सहांत ०.७१. मग गोदाकाठाला चालते, असं लिहू का? ज्यांनी कप्पे दिले ते शेतकरी भेटतील तिथे विचारतात, ‘ताई, गुण आला का नाही, तेवढं सांगा.’ पावडरीला शंभर क्विंटलमागे २,४०० रुपये पडतात. कोणत्या कप्प्यात टाकायची ते ज्याचं त्यानेच ठरवलं होतं. बाराही चाळींचे आकडे सोबत जोडले आहेत. काय लिहू आणि काय सांगू?

– एक विद्यार्थिनी, निफाड तालुका

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

सरांचं वाक्य लिहू नका आणि साहेबांचंही लिहू नका. दोघं दोन टोकांना उभे दिसतात, पण चूक दोघांची एकच आहे. पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली आली की निकाल ‘सिग्निफिकंट’ म्हणायची रीत आहे, आणि दोघांचीही नजर त्या रेषेवर आहे. किती क्विंटल वाचले असतील आणि किती नसतील, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

आधी पी-व्हॅल्यूचं बघू. समजा पावडरीचा सडीवर काडीचाही परिणाम नाही. तरी या कप्प्यात थोडी जास्त सड, त्या कप्प्यात थोडी कमी, असं होतंच. नुसत्या अशा चढउतारापायी तुमच्याएवढा किंवा त्याहून मोठा फरक, इकडचा किंवा तिकडचा, दहा चाचण्यांतल्या एखादीत दिसला असता. ०.१०चा अर्थ इथे संपतो. पावडर कुचकामी असण्याची शक्यता दहा टक्के, असं त्यातून निघत नाही, आणि साहेबांचे नव्वद टक्के तर मुळीच निघत नाहीत. ‘कल’ या शब्दावर माझा विशेष राग आहे. पी-व्हॅल्यू कुठे निघालेली नसते, आणखी थोडं चालली असती तर मुक्कामी पोचली असती, असं काही नसतं. पुढच्या बारा चाळी घेतल्या असत्या तर ती खालीही गेली असती किंवा वरही.

पाच टक्क्यांची रेषा हीही काही आकाशवाणी नव्हे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आकडेमोड करणाऱ्या रोनाल्ड फिशरनी १९२५ साली विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून मांडली. याच फिशरनी १९३५ साली हेही लिहून ठेवलं की ‘फरक नाही’ हे गृहीतक प्रयोगाने खोटं ठरू शकतं, सिद्ध मात्र कधीच होत नाही. पहिली गोष्ट आपल्या कृषी महाविद्यालयांत घरोघर पोचली, दुसरी वाटेत कुठेतरी राहिली. भुईकाट्यावर उभ्या असलेल्या भरल्या ट्रॅक्टरमध्ये कुणी चार कांदे टाकले आणि आकडा हलला नाही, म्हणून कांदे टाकलेच नाहीत असं काट्यावरचा माणूस म्हणत नाही. बारा चाळींचा तुमचा काटा किती बारीक वजन दाखवू शकतो, हे आधी बघायला हवं.

सरांना एकट्याला बोल लावू नका. २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात तीन संशोधकांनी यावर एक टिपण लिहिलं आणि त्याला आठशेहून जास्त जणांनी सह्या देऊन पाठिंबा दिला. त्यात पाच नियतकालिकांतल्या ७९१ लेखांच्या तपासणीचा हवाला आहे. त्यातल्या जवळपास निम्म्या लेखांत ‘नॉन-सिग्निफिकंट’चा अर्थ ‘परिणाम नाही’ असाच लावलेला होता. म्हणजे सर मोठ्या गोतावळ्यात आहेत.

आता तुमचा तक्ता समोर घ्या. खाली एस.ई. (एम) ± ची, म्हणजे सरासरीच्या प्रमाण त्रुटीची ओळ, त्याखाली सी.डी. ५ टक्के, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स: सिग्निफिकंट ठरायला दोन सरासऱ्यांत निदान एवढा फरक लागतो. फरक सिग्निफिकंट आहे का ते बघणारी एफ चाचणी उतरली नाही म्हणून सी.डी.च्या जागी सडीच्या रकान्यात एन.एस. आणि कोंबांच्या रकान्यातही एन.एस. आपल्याकडच्या प्रबंधांची ही रीतच पडून गेली आहे, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. सी.डी. पुसून टाकली की वाचणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून मी ती काढली. सडीची सी.डी. येते ३.८ आणि कोंबांची ०.७. दोन ट्रीटमेंटमधल्या फरकातून सी.डी. एकदा वजा करा आणि एकदा त्यात मिळवा, की झाला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे आपल्या आकड्यांशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा. त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

सडीचा इंटरव्हल बघा. ३.१ उणे ३.८, ३.१ अधिक ३.८. म्हणजे पावडरीमुळे शंभर क्विंटलमागे ७० किलो जास्त सड इथपासून ६.९ क्विंटल कमी सड इथपर्यंतचं काहीही तुमच्या आकड्यांशी जुळतं. मधल्या ३.१च्या आसपासचे आकडे जास्त चांगले जुळतात, कडेचे कमी. शून्य त्यात आहे, पण जवळपास टोकाला आहे. कोंबांचा इंटरव्हल ६० किलो जास्त ते ८० किलो कमी.

तक्त्यात दोन्ही ठिकाणी तेच एन.एस. आहे. एका ठिकाणी त्याचा अर्थ ‘आम्हाला अजून कळलेलं नाही’, दुसऱ्या ठिकाणी ‘असलाच तर फरक फार छोटा आहे, एवढं कळलं’. या दोन बातम्या एका वाक्यात कोंबून ‘सडीवर आणि कोंबांवर परिणाम होत नाही’ असं लिहायला सर सांगतायत, म्हणून मी नको म्हणतो.

फार छोटा म्हणजे किती, हे गणिताला विचारू नका, चाळीच्या मालकाला विचारा. शंभर क्विंटलला २,४०० रुपये खर्च. कांद्याचा भाव क्विंटलला १,२०० धरला तर निदान दोन क्विंटल वाचल्याशिवाय पावडरीचे पैसेसुद्धा निघत नाहीत. भाव ८०० वर आला तर तीन क्विंटल वाचायला हवेत, म्हणजे तुमची सरासरी कशीबशी खर्चाला पुरते. २,४०० चा भाव मिळाला तर एकाच क्विंटलवर भागतं. लासलगावच्या लिलावाकडे कान लावून बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पास-नापासाची रेषा दोन क्विंटलवर आहे. शून्याशी त्याला काही देणंघेणं नाही. सडीचा इंटरव्हल या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, तेव्हा पावडर परवडते का याचं उत्तर तुमच्या चाचणीत नाही. कोंबांचा इंटरव्हल रेषेच्या पुष्कळ खाली संपतो. ८० किलो वाचले असं धरलं तरी क्विंटलला ३,००० भाव असल्याशिवाय खर्च निघणार नाही. कोंबांसाठी म्हणून ही पावडर घेण्यात अर्थ नाही, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. फक्त ‘चार महिन्यांच्या साठवणीत’ हे शब्द गाळू नका. कोंब फुटायचा खरा काळ त्यानंतरचा, आणि तोवर तुम्ही चाळी फोडून मोकळ्या झाला होता.

दोन क्विंटलची ही मर्यादा चाचणीआधी लिहून ठेवलेली नव्हती. ती मागाहून ठरवली, आणि १,२०० चा भाव धरून ठरवली, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. परीक्षक विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

गोदाकाठाचं प्रकरण बघितल्याबरोबर हात आखडता घ्या. तिथल्या सहा चाळींत फरक ५.१ क्विंटल, येवल्याकडच्या सहांत १.१. एकीकडे पी ०.०४ आणि दुसरीकडे ०.७१, म्हटल्यावर कुणालाही वाटेल की नदीकाठाला चालते आणि कोरड्या भागात चालत नाही. पण येवल्याकडचा इंटरव्हल ६.२ क्विंटल जास्त सड ते ८.४ क्विंटल कमी सड एवढा ऐसपैस आहे. गोदाकाठचे ५.१ त्याच्या पोटात आरामात बसतात. विचारायचा प्रश्न असा, की दोन भागांतल्या परिणामांत फरक आहे का? तो सरळ तपासला तर फरक ४.० क्विंटल आणि पी साधारण ०.२७. अँड्र्यू गेलमन आणि हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञांनी २००६ साली याच चुकीवर एक अख्खा लेख लिहिला. एक निकाल सिग्निफिकंट आणि दुसरा नाही, यावरून त्या दोघांतला फरक सिग्निफिकंट ठरत नाही. शिवाय ही विभागणी तुम्ही आकडे पाहिल्यावर केली आहे. कालव्याच्या कडेने, तालुक्याने, चाळीच्या छपराने अशा दहा तऱ्हांनी बारा चाळी वाटता येतात, आणि एखाद्या वाटणीत ०.०५च्या खालचा आकडा सहज सापडू शकतो. मग ‘गोदाकाठची हवा दमट, म्हणून’ असं स्पष्टीकरण सुचायलाही वेळ लागत नाही. दोन्ही भागांचे आकडे परिशिष्टात द्या, निष्कर्षात आणू नका.

परीक्षकांपैकी कुणी ‘मग आता पॉवर काढून दाखवा’ असं म्हणायची शक्यता आहे; पॉवर म्हणजे खरोखर असलेला फरक चाचणीला पकडता येण्याची शक्यता. नम्रपणे नको म्हणा. चाचणी झाल्यावर त्याच आकड्यांवरून काढलेली पॉवर ही पी-व्हॅल्यूच असते, वेश बदलून आलेली. पी ०.०५ असेल तर ती पन्नास टक्क्यांच्या आसपास येणार, पी वाढली की ती घटणार. होएनिग आणि हायसी या संशोधकांनी २००१ साली हे दाखवून दिलं आहे. चाचणी किती बारीक होती याचं उत्तर सी.डी.त आधीच आहे.

तर प्रबंधात काय लिहायचं? इंग्रजीत लिहाल, पण मजकूर साधारण असा ठेवा:

‘पावडर टाकलेल्या कप्प्यांत सड शंभर क्विंटलमागे सरासरी ३.१ क्विंटलने कमी आढळली (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७ क्विंटल जास्त ते ६.९ क्विंटल कमी; पी = ०.१०, बारा चाळी). खर्च भरून काढणारा परिणाम आणि नगण्य परिणाम, दोन्ही या आकड्यांशी जुळतात, त्यामुळे सडीबाबत निष्कर्ष काढलेला नाही. कोंबांतला फरक ०.१ क्विंटल होता (०.६ जास्त ते ०.८ कमी). क्विंटलला १,२०० रुपये भाव धरल्यास, चार महिन्यांच्या साठवणीत खर्च भरून निघेल एवढा फरक या आकड्यांशी जुळत नाही.’

तक्त्यात एन.एस. लिहायची सक्तीच असेल तर लिहा, पण कंसात सी.डी.चा आकडा ठेवा. पावडर कंपनीने फुकट दिली, हेही एका ओळीत नमूद करा. बाराही चाळींचे कच्चे आकडे परिशिष्टात जाऊ द्या. उद्या पिंपळगावला किंवा राहुरीला कुणी अशीच चाचणी घेतली तर त्यांना तुमचे आकडे आपल्यात मिळवता येतील. नुसत्या ‘एन.एस.’शी कुणालाच काही मिळवता येत नाही.

सरांशी बोलताना ‘सर, हे चुकीचं आहे’ असं सुरू करू नका. त्या वाक्यानंतर पुढचं कुणी ऐकत नाही. तक्ता घेऊन जा आणि म्हणा, ‘सर, दोन्ही एन.एस. आहेत, पण एकाची सी.डी. ३.८ आहे आणि दुसऱ्याची ०.७. दोन्हीला एकच वाक्य कसं लिहू?’ कॉन्फिडन्स इंटरव्हल त्यांना परका वाटेल कदाचित, सी.डी. वाटणार नाही. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं, १९५४ पासून चालत आलेलं पुस्तक त्यांनी विद्यार्थीदशेत पाठ केलेलं असेल, आणि सी.डी.चं गणित त्यातलंच आहे.

साहेबांना हाच उतारा जसाच्या तसा पाठवा. त्यांना पत्रकात ३.१ छापायचे असतील तर त्याच ओळीत ‘०.७ जास्त ते ६.९ कमी’ हेही छापावं लागेल, असं लेखी कळवा. बहुधा ते काहीच छापणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

शेतकऱ्यांना पी-व्हॅल्यू सांगायच्या भानगडीत पडू नका, आणि ‘सिद्ध झालं नाही’ असंही म्हणू नका. ते ऐकून निम्मे म्हणतील पावडर खोटी, निम्मे म्हणतील ताईंना चाचणी जमली नाही. काय दिसलं ते आधी सांगा, मग कितपत भरवसा ठेवायचा ते, आणि शेवटी पैशाचं. असं काहीतरी:

‘नाना, बारा चाळींपैकी आठांत पावडरीच्या कप्प्यात सड कमी निघाली, चारांत जास्त. सरासरी धरली तर शंभराला तीन क्विंटल कमी. पण पावडर नसतानाही दोन कप्प्यांत कधीकधी एवढा फरक पडतो, त्यामुळे हा पावडरीचाच गुण असं मी सांगू शकत नाही. गुण नाही, असंही सांगू शकत नाही. भाव बाराशे असेल तर दोन क्विंटल वाचले तरच पावडरीचे पैसे निघतात. कोंबांत मात्र चार महिन्यांत पैसे निघतील एवढा फरक दिसला नाही, त्यासाठी घेऊ नका. ज्याला बघायचंच आहे त्याने आणखी एक वर्ष एका कप्प्यापुरती टाकून बघावी. कर्ज काढून सगळ्या चाळीत टाकू नये.’

एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात आणि त्यात एकही शब्द खोटा नाही. प्रत्येकाला त्याच्या चाळीचा आकडाही द्या, तो त्याचा हक्कच आहे. मात्र ज्याच्या चाळीत नऊ क्विंटल वाचले तो पावडरीची शपथ घेणार आणि ज्याचे उलट पाच गेले तो तुमच्या नावाने बोटं मोडणार, याची तयारी ठेवा. त्या दोघांना शेजारी बसवून एकमेकांचे आकडे वाचायला लावलेत तर तुमचं अर्धं काम होईल.

पुढच्या हंगामात कुणी चाचणी पुढे नेणार असेल तर हिशेब आधीच करून ठेवा. चाळी-चाळींतला चढउतार यंदाएवढाच धरला, तर खरोखर असलेला तीन क्विंटलचा फरक शंभरात ऐंशी वेळा पकडायला साधारण ३४ चाळी लागतील; दोन क्विंटलचा पकडायचा तर सत्तरच्या वर. एका विद्यार्थिनीला ते झेपणारं नाही, दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून करायचं काम आहे. चाळींची संख्या आणि दोन क्विंटलची मर्यादा मार्चमध्येच कागदावर लिहून त्यावर सरांची सही घ्या. चार चाळी वाढवायच्या, पी बघायची, ०.०५च्या खाली गेली की थांबायचं, असा मोह कुणालाही होतो. पण त्या मार्गाने कुठलीही पावडर एक ना एक दिवस पास होते.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलीत, आणि मला ती पी-व्हॅल्यूपेक्षा जास्त खुपते. पावडरीचा कप्पा शेतकऱ्याने स्वतः निवडला. जो कप्पा दरवर्षी सडतो, पावसाची झड लागते किंवा वारा खेळत नाही, त्यातच शहाणा शेतकरी औषध टाकणार. तसं झालं असेल तर पावडरीने मुळातच वाईट कप्प्यात तीन क्विंटल वाचवले आणि तुमचा आकडा तिला न्याय देत नाही. उलट कंपनीचे साहेब समोर उभे असताना चांगला, हवेशीर कप्पा पुढे केला गेला असेल तर तीनातले काही क्विंटल कप्प्याचे आहेत, पावडरीचे नाहीत. हा गोंधळ ‘०.७ जास्त ते ६.९ कमी’मध्ये कुठेच दिसत नाही. इंटरव्हल फक्त योगायोगाचा हिशेब ठेवतो. पुढच्या वेळी मालकासमोर नाणं उडवून कप्पा ठरवा. यंदाचं मात्र शेतकऱ्यांच्या आठवणीवरच आहे, आणि नवीन कांदा चाळीत पडला की ती आठवण पुसट होणार. तेव्हा प्रबंधाचं ते प्रकरण लिहायला घेण्याआधी बाराही जणांना फोन करा. ‘पावडर त्याच कप्प्यात का टाकली होती?’ एवढंच विचारा, आपणहून काही सुचवू नका, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. ती वही मला पाठवलीत तर तक्त्याखालची टीप आपण मिळून लिहू.